खुलासा: केशरी वायर ओढू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपवर फिरतंय: 'इलेक्ट्रिक गाडीत जळका वास आला की बॅटरी पेटणार, बोनेट उघडून केशरी वायर ओढा.' कृपा करून असं करू नका. त्या वायरीत साधारण ३०० ते ४०० व्होल्ट असतात, जीव जाईल.

जळका वास दर वेळी बॅटरीचाच नसतो. चोर्ला घाट उतरताना बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मोटरचं ब्रेकिंग (वेग कमी करताना मोटर बॅटरी चार्ज करते ते) फारसं काम करत नाही, भार ब्रेक पॅडवर येतो आणि चाकाशी उग्र वास सुटतो. थांबून निवू द्या. चार्जिंग करताना वास आला तर आधी एमसीबी (बोर्डावरचा सेफ्टी स्विच) पाडा. सॉकेटचा स्क्रू ढिला असला की पिन काळी पडते, प्लास्टिक वितळतं.

गोडसर, थिनरसारखा वास, फसफस, गाडीखालून धूर? मग मात्र बॅटरीचाच धोका, लगेच उतरा, लांब जा, ११२ ला फोन करा. तो मेसेज पुढे पाठवू नका.