सासूशी बोलायलाही शिकवा
बाळंतिणीच्या रूढींवर नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी केलेल्या पाहणीचा लेख वाचला. सगळ्या रूढी एकाच मापाने मोजल्या, ते पटलं नाही. मेळघाटाच्या पायथ्याशी मी बरीच वर्षं एएनएम, म्हणजे गावच्या उपकेंद्रातली नर्स होती. मालीश, सव्वा महिन्याचा आराम, डिंकाचे लाडू चांगलेच आहेत. चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पिळून फेकणं, नाळेला राख लावणं, बंद खोलीत बाजेखाली विस्तव ठेवणं मात्र घातक. आणि बाळंतिणीचं पाणी तोडणं! अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान किती लागते, हे तिच्याजवळ बसल्यावरच कळतं.

वर्गात बाहुलीवर शिकलेली नर्सिंगची पोरगी बाळंतिणीच्या सासूपुढे गप्प होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. आशाताई ३ऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत घरी जातात, विद्यार्थिनींना त्यांच्यासोबत पाठवा.