एलिझाबेत तुर्सिनबायेवा म्हणजे फक्त एक उडी नव्हे

कझाकस्तानच्या फिगर स्केटर एलिझाबेत तुर्सिनबायेवाचं नाव निघालं की गाडी थेट जपानमधल्या सायतामावर जाते. मार्च 2019, जागतिक अजिंक्यपद, क्वाड (हवेत चार फेऱ्यांची) साल्को उडी. सीनियर स्पर्धेत चार फेऱ्यांची उडी यशस्वी करणारी पहिली महिला. खरंच आहे ते. (ज्युनियरमध्ये जपानच्या मिकी आंदोने 2002 मध्येच ही उडी मारली होती, हे मात्र फार कुणी सांगत नाही.) पण ते रौप्यपदक निव्वळ त्या उडीचं होतं, हे मला पटत नाही.

आकडेच बघा. एकूण गुण 224.76. तिसरी रशियाची मेद्वेदेवा 223.80, चौथी जपानची किहिरा 223.49. क्वाड साल्कोचे मूळ गुण तेव्हा 9.70, तिहेरीचे 4.30. म्हणजे तिहेरीवर भागवलं असतं तर सरळ 5.40 गेले असते आणि पदकही. इथवर उडीवाल्यांचं बरोबर. पण त्या दिवशी फ्री स्केटमध्ये (दुसऱ्या, लांब कार्यक्रमात), क्वाड धरूनही, ती चौथी होती! तिला तारलं शॉर्ट प्रोग्रॅमच्या (आधीच्या, छोट्या कार्यक्रमाच्या) 75.96 गुणांनी. आणि शॉर्टमध्ये महिलांना क्वाडची परवानगीच नव्हती. तिथे ती किहिराच्या पाच गुण पुढे होती, तीही साध्या, स्वच्छ स्केटिंगवर.

साल्को ही एजवरची, म्हणजे पात्याच्या धारेवरची उडी. डाव्या पायाच्या मागच्या, आतल्या एजवरून उठायचं, उजवा पाय झोकून वर न्यायचा; टो-पिकचा (पात्याच्या टोकाच्या दातांचा) आधार नाही. वळण घेताना खांदे लवकर उघडले की उंची जाते, मग फेरी अपुरी पडते आणि गुण कापले जातात. निम्मी फेरी कमी पडली तर क्वाडची किंमत तिहेरीइतकीच. उतरायचं एकाच पायावर, उलटं सरकत, शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार झेलून, कंबर ताठ ठेवून. सरावात हे किती वेळा होत असेल, मोजा.

तिचे प्रशिक्षक टोरोंटोत ब्रायन ऑर्सर, 2018 पासून पुन्हा मॉस्कोत एतेरी तुतबेरीद्झे. प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये बारावी आलेली मुलगी वर्षभरात जगात दुसरी. मग पाठीच्या दुखापतीने गाठलं. सायतामानंतर ती जवळजवळ दिसलीच नाही. सप्टेंबर 2021 मध्ये, बीजिंग ऑलिम्पिक पाच महिन्यांवर असताना, एकविसाव्या वर्षी तिने निवृत्ती जाहीर केली.