‘माजी तुरुंगाधिकारी’ यांस: शिक्षेच्या नोंदवहीबद्दल

साहेब,

तुरुंगातल्या शिक्षांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “पंख्याखाली बसून कायदा शिकवणं सोपं असतं. कोर्टाने प्रत्येक शिक्षेत नाक खुपसलं तर बरॅकमध्ये अधीक्षकाला कोण विचारणार?” पुढे अपुरे कर्मचारी, मोबाइल आणि माझी ‘कैद्यांची वकिली’ यांवर बरंच काही. पंख्याचं राहू द्या. शिक्षेच्या नोंदवह्या आणि हिस्ट्री तिकिटं (प्रत्येक कैद्याच्या वैयक्तिक नोंदींचे कागद) वाचणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यासाठी उन्हात उभं राहावं लागत नाही. मतभेद मांडायला हाच सूर लागतो का?

एक गोष्ट मान्य करतो. सत्र न्यायाधीशांकडे मंजुरीसाठी गेलेला शिक्षेचा प्रस्ताव कधीकधी एका ओळीत ‘मंजूर’ होऊन परत येतो. त्याला पडताळणी म्हणणं कठीण आहे. पण मग तक्रार कोर्ट फार कमी बघतं अशी व्हायला हवी; तुमची नेमकी उलटी आहे.

आता ते ‘नाक’. कैद्यांच्या वागणुकीबद्दलच्या सुनील बत्रा प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७९चा दुसरा निकाल नोकरीत असताना तुमच्या टेबलावर आलाच असेल. एकांत किंवा शिक्षेची कोठडी, जास्तीची कष्टाची मजुरी, आहारातला बदल, सवलती काढणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात बदली, यांतलं काहीही सत्र न्यायाधीशांच्या ज्युडिशियल अप्रेझलशिवाय, म्हणजे न्यायिक पडताळणीशिवाय, नको, असं न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यात म्हटलं. बरॅक पेटली असेल तर? आधी कारवाई करा, दोन दिवसांत कळवा. ही मुभाही तिथेच आहे. यात अधीक्षकाचे हात कुठे बांधले, ते दाखवा.

प्रस्ताव अडकतो तो कागदावर. १८९४च्या तुरुंग कायद्याच्या कलम ४६ खाली कोठडीबंदी (कैद्याला वेगळ्या कोठडीत ठेवणं) फार तर १४ दिवस. कागद दहाव्या दिवशी निघाले तर न्यायाधीशांनी तपासायचं काय, उरलेले चार दिवस? कलम ५१ प्रमाणे नोंदवहीत अपराध, त्याची तारीख, आधीच्या अपराधांची संख्या, शिक्षा आणि ती अमलात आल्याची तारीख लागते. गंभीर अपराधात साक्षीदारांची नावंही. नेमका हाच रकाना कोरा असतो. (बंद्याचा, म्हणजे कैद्याचा, बचाव आणि निष्कर्षाची कारणं इंग्रजांनी फक्त फटक्यांच्या शिक्षेसाठी सक्तीची केली होती, त्या सवयीत आपण अजून आहोत.) कारणे दाखवा नोटीस, बंद्याचं उत्तर आणि शिक्षेचा आदेश यांवर एकच तारीख असेल, उत्तर छापील मजकुरावर अंगठा एवढंच असेल, तर सुनावणी झाली हे कोणीच मानणार नाही.

सर्वात महाग पडते ती माफीची, म्हणजे शिक्षेत मिळालेल्या सुटीच्या दिवसांची, कपात. बंदी संचित रजेवरून (फर्लोवरून) उशिरा परतला, हजर होताना दवाखान्याचे कागद घेऊन आला. उशीर हा अपराध ठरतो तो पुरेसं कारण नसेल तरच. म्हणजे कागद खरे आहेत का आणि ते कारण पुरेसं का नाही, या दोन्हींवर आदेशात वाक्य हवं. ‘खुलासा समाधानकारक नाही’ एवढं लिहून माफी कापली की सुटकेची तारीख पुढे जाते, बंदी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातो आणि आदेश टिकत नाही. उशीर झाला की नाही, हे तिथे सहसा कोणी नव्याने ठरवत बसत नाही. नोटीस दिली का, ऐकून घेतलं का, कारणं लिहिली का, शिक्षा अपराधाच्या मानाने अती झाली का, एवढंच बघतात.

आणि ‘शिस्त आम्हाला कळते’ म्हणता, तर राजस्थानचं किशोर सिंग प्रकरण वाचा. आठ ते अकरा महिने एकांतात ठेवलेल्या बंद्यांविरुद्ध कारणं काय? तुरुंगात रेंगाळणं, उद्धटपणा, हिस्ट्री तिकीट फाडणं. सर्वोच्च न्यायालयाने तिथेही गप्प बसायला हवं होतं का?

कर्मचारी आणि मोबाइल हे वेगळे विषय आहेत, त्यांना इथे ओढू नका. वकिलीच्या टोमण्याला उत्तर देत नाही. नोटीस, उत्तर, साक्षीदार, कारणं आणि वेळेत केलेला अप्रेझल, हे सगळं जागेवर असूनही कोर्टाने रद्द केलेली एखादी शिक्षा तुमच्या माहितीत असेल, तर नावं झाकून तो आदेश पाठवा. त्यावर पूर्ण लेख लिहीन.