कोरियातील इंग्रजी शिक्षकाच्या नोकरीविषयी खुलासा

‘१२० तासांचा ऑनलाइन टेफल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स करा, दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याची नोकरी हमखास, पोर्तुगीज पासपोर्ट असल्यास व्हिसा लगेच’ असा संदेश गोव्यातील म्हापसा-मडगाव भागात फिरत असून तो दिशाभूल करणारा आहे. तेथील ई-२ व्हिसा इंग्रजी शिकवण्यासाठी मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांना मिळतो. त्यांत पोर्तुगाल नसल्यामुळे लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीयांना तो पासपोर्ट या कामी उपयोगाचा नाही. उलट भारतीय नागरिकांना २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट खुली आहे, मात्र त्यासाठी पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याची अधिकृत शिक्षक-पात्रताही लागते. आपल्याकडे बी.एड. झालेल्या कितीतरी मुलींना हे कुणी सांगतच नाही, याची खंत वाटते.

कोर्सच करायचा तर केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी अध्यापनाच्या प्रमाणपत्र कोर्सकडे पाहावे, कारण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवून प्रशिक्षकांकडून मूल्यमापन करून घ्यावे लागते. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट केंद्र सरकारकडे नोंदणीकृत असावा लागतो आणि त्याला जीएसटी वगळता ३०,००० रुपयांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.