कार्ड एक, भाडं मात्र परत परत पहिल्यापासून

आधीच सांगते, मला एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी) कार्ड, म्हणजे मेट्रोला, बसला सगळीकडे चालणारं ते एकच कार्ड, आवडतं. म्हणजे खाली कुणी "तुम्हाला नव्या गोष्टींचं वावडंच" म्हणून सुरू होऊ नका. बसमध्ये "सुट्टे द्या, सुट्टे द्या" ऐकायला लागत नाही, मेट्रोच्या खिडकीसमोर रांग नाही, कार्ड टेकवलं की गेट उघडतं, मस्त आहे. पण २०१९ मध्ये 'वन नेशन वन कार्ड'चा गाजावाजा झाला तेव्हापासून जो तो कार्ड एक झालं याच आनंदात आहे, आणि भाड्याचं कुणी विचारतच नाही.

आता हिशोबच करू. मुंबईतला दहिसर पूर्वेचा एखादा माणूस धरा, ऑफिस मरोळच्या आतल्या बाजूला. मेट्रो ७ ने गुंदवलीपर्यंत आला, ३० रुपये. उतरला, गेटबाहेर, पुलावरून चालत वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनात, परत बॅग तपासणी, परत गेट, मेट्रो १ चे कमीत कमी १० रुपये. मरोळ नाक्याला खाली उतरून बेस्ट पकडली, साध्या बसचे १०, एसी असेल तर १२. झाले कमीत कमी ५०. हे वीसबावीस किलोमीटर मेट्रो ७ च्याच दरपत्रकात सलग धरले तर ४० ला बसतात. वर जातायेता दोन वेळा, आणि महिनाभर, तुम्हीच बघा काय होतं ते. आता धरून चाला की ह्या तिन्ही ठिकाणी त्याने एकच कार्ड टेकवलं. काय फरक पडला? खिशातून पैसे तेवढेच गेले, फक्त जाताना आवाज आला नाही.

ह्यात गंमत अशी आहे की भाड्याचा पहिला टप्पा सगळ्यात महाग असतो. मेट्रो ७ चंच बघा, पहिल्या ३ किलोमीटरला १० रुपये, पण १२ पासून १८ पर्यंत कुठेही गेलात तरी ३०. लांब जाल तसं किलोमीटरमागे स्वस्त होत जातं. म्हणजे गाडी बदलली की तुम्ही परत त्या महाग टप्प्यावर येऊन उभे. थेट गाडी नाही हा माझा दोष आहे का? एक तर बदलण्यात वेळ जातो, जिने चढाउतरायचे, पावसात भिजायचं, आणि वर दंड भरल्यासारखे जास्त पैसे.

आणि हे जगात कुणाला सुचलं नाही असंही नाही. सिंगापूरला २०१० पासून बस आणि ट्रेन मिळून एकूण अंतराचं भाडं लागतं, मध्ये ४५ मिनिटांच्या आत बदललं तर प्रवास एकच धरतात. लंडनला ऑयस्टर कार्ड २००३ मध्ये आलं, पुढे दिवसाची कमाल मर्यादा आली, म्हणजे ठराविक रकमेच्या वर दिवसभरात कितीही फिरा, पैसे कापलेच जात नाहीत. बसचं तर असं की पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस, तिसरी बस, फुकट. पास काढावा की सुट्टं तिकीट परवडेल ही डोकेफोड प्रवाशाने करायचीच नाही, ती मशीन करतं. आपल्याकडे मशीन आहे, कार्ड आहे, कुठून चढलो कुठे उतरलो ही नोंद आहे, फक्त त्या नोंदीचा फायदा प्रवाशाला द्यायचा राहिलाय.

बरं त्या कार्डाचीही एक खोड आहे जी विकताना कुणी नीट सांगत नाही. परवा एका स्टेशनवर गेटसमोर एक काकू अडकल्या होत्या. मुलाने घरून मोबाईलवरून कार्डात २०० रुपये भरलेले, त्यांनी फोनवरचा मेसेजही काढून दाखवला, आणि गेट मात्र लालच. मागे रांग वाढतेय, काकू बिचाऱ्या परत परत कार्ड घासतायत, "अहो भरलेत हो पैसे!" शेवटी गार्ड म्हणाला, मावशी, आधी तिकडच्या मशीनवर कार्ड अपडेट करून या. आता काकूंना काय माहीत की पैसे भरणं आणि ते कार्डात येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत? प्रवासाचे पैसे त्या कार्डाच्या चिपमध्येच असतात, बँकेला न विचारता गेट लगेच उघडावं म्हणून तशीच रचना केलीये, आणि ती बरोबरच आहे, नाहीतर नेटवर्क गेलं की सगळं स्टेशन तुंबेल. पण मग हे दोन ओळीत मराठीत कार्डाच्या पाकिटावर छापायला काय जातं? आणि चिपमधले पैसे म्हणजे रोख रकमेसारखेच, कार्ड हरवलं तर सापडणारा पिनबिन न टाकता फिरून येईल. म्हणून मी तरी २००० च्या मर्यादेपर्यंत कधी भरत नाही, लागेल तेवढंच.

ह्यावर लगेच उत्तर येतं की मग अ‍ॅप वापरा ना. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' अ‍ॅप आलं, मेट्रो, लोकल, बेस्ट, ठाणे, नवी मुंबई धरून अकरा संस्थांची तिकिटं एका ठिकाणी. चांगलंय, मी नाही म्हणत नाहीये. पण तिथेही भाडं जो तो आपापलं लावतो, तुम्हाला फक्त बेरीज एकत्र दिसते. आणि साध्या फोनवाले आजोबा, चार्जिंग संपलेली पोरं, नवऱ्याच्या नंबरवर सगळं असलेल्या बायका ह्यांना कार्डच सोयीचं, त्यामुळे अ‍ॅप आलं म्हणून कार्डाकडे दुर्लक्ष नको.

लोकलचं काय, तर तिथे गेटच नाहीत, टेकवणार कुठे. एटीव्हीएमचं, म्हणजे स्टेशनवरच्या तिकीट मशीनचं, स्मार्ट कार्ड कधीपासून आहे पण ते मशीनमधून कागदी तिकीट काढायला. लोकलचा सेकंड क्लासचा पास इतका स्वस्त आहे की तो आहे तसाच राहूदे, कृपा करून त्याला कुणी 'स्मार्ट' करायला जाऊ नका.

खरी अडचण कार्डात नाहीच. मेट्रो १ एकाची, २अ आणि ७ दुसऱ्याची, ३ तिसऱ्याची, बस बेस्टची, लोकल रेल्वेची. सवलत दिली तर ती कुणाच्या गल्ल्यातून जाणार ह्यावर घोडं अडतं. बेस्ट तोट्यात आहे हे मान्य, मे २०२५ मध्ये ५ चं किमान भाडं १० केलं तेही म्हणूनच. पण मेट्रोतून उतरलेल्या माणसाला पुढची दोन किलोमीटर बस ५ रुपयात मिळाली तर तो बसने जाईल, नाहीतर शेअर रिक्षाने जातोच आहे आणि बेस्टच्या हाती तेव्हा ना १० लागत ना ५. निदान मेट्रोच्या लायनींपासून तरी सुरू करा. गुंदवलीला आणि मरोळ नाक्याला लाईन बदलणाऱ्याचं भाडं सलग धरा, राज्य सरकारने सगळ्यांना एका टेबलावर बसवून वाटणी ठरवावी. मेट्रो १, म्हणजे अंधेरी-घाटकोपरची, २०१४ ची आहे, २अ आणि ७ तिला २०२३ मध्ये येऊन भिडल्या, ३ नंबर आता पार कफ परेडपर्यंत गेली. अजून किती लायनी व्हायची वाट बघतायत?