‘शोभेची बाहुली’ या शब्दांना उत्तर

पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाच्या संयुक्त राष्ट्रांतील प्रतिनिधी झान मार्तँ सिसे यांच्या कारकिर्दीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले तीन आक्षेप आहेत. सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद दर महिन्याला वर्णानुक्रमाने आपोआप फिरते, त्यामुळे नोव्हेंबर १९७२ मध्ये ते गिनीकडे आले यात सिसे यांचे कर्तृत्व नाही, हा पहिला. संयुक्त राष्ट्रांतील ‘पहिली महिला अध्यक्ष’ हा मान विजयालक्ष्मी पंडित यांचा आहे, हा दुसरा. तिसरा सर्वांत गंभीर आहे: गिनीचे पहिले अध्यक्ष सेकू तुरे यांच्या जुलमी राजवटीने जगाला दाखवण्यासाठी पुढे केलेली सिसे ही एक ‘शोभेची बाहुली’ होती आणि त्या राजवटीबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येईल. विजयालक्ष्मी पंडित १९५३ मध्ये आमसभेच्या अध्यक्ष झाल्या, आणि त्यानंतर १९६९ मध्ये तो मान लायबेरियाच्या अँजी ब्रूक्स यांना मिळाला. सुरक्षा परिषद ही वेगळी संस्था आहे आणि तिच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या पहिल्या महिला सिसे याच आहेत.

पहिला आक्षेप वस्तुस्थिती म्हणून खरा आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्स, नोव्हेंबरमध्ये गिनी आणि डिसेंबरमध्ये भारत असा क्रम होता, म्हणजे सिसे यांच्यानंतर त्या खुर्चीवर आपले समर सेन बसले. खुर्ची आपोआप फिरते हे मान्य. पण आपल्या देशाच्या खुर्चीवर कोणी बसायचे हे आपोआप ठरत नाही, आणि परिषद स्थापन झाल्यापासून पाव शतकाहून अधिक काळ कोणत्याही देशाने तिथे अध्यक्ष म्हणून महिला बसवली नव्हती. शिवाय तो महिना रिकामा गेला नाही. २२ नोव्हेंबर १९७२ रोजी परिषदेने ठराव क्रमांक ३२२ एकमताने संमत केला. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्द या पोर्तुगीज वसाहतींतील जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य करून पोर्तुगालने लष्करी कारवाया थांबवाव्यात आणि वाटाघाटींना बसावे, असे त्यात म्हटले होते. त्याच्या बरोबर दोन वर्षे आधी, २२ नोव्हेंबर १९७० रोजी, पोर्तुगीज सैनिकांनी समुद्रमार्गे येऊन गिनीची राजधानी कोनाक्रीवर हल्ला केला होता. गिनी-बिसाऊच्या मुक्तिलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांचे मुख्यालय तेव्हा कोनाक्रीत होते, आणि ठरावानंतर दोन महिन्यांतच, २० जानेवारी १९७३ रोजी, त्याच शहरात त्यांची हत्या झाली. ज्या देशाच्या राजधानीवर हा हल्ला झाला होता, त्याच देशाची प्रतिनिधी ठराव संमत झाला त्या दिवशी अध्यक्षस्थानी होती. एका महिन्याच्या अध्यक्षपदाला मी महत्त्व दिले, ते यासाठी.

आता तिसऱ्या आक्षेपाकडे वळतो. यात माझी चूक आहे आणि ती लहान नाही. मी बोइरो छावणीचा उल्लेख टाळला. कोनाक्रीतील या छावणीत सेकू तुरे यांच्या विरोधकांना, आणि अनेकदा त्यांच्याच सहकाऱ्यांना, डांबून ठेवले जाई. कित्येकांना तेथे अन्न आणि पाणी दोन्ही बंद करून मारले गेले. सिसे ज्या खुर्चीवरून न्यूयॉर्कमध्ये गिनीसाठी बोलत होत्या, ती खुर्ची त्यांच्या आधी दियालो तेली आणि मारोफ आश्कार यांनी सांभाळली होती. आश्कार यांना १९६८ मध्ये परत बोलावून अटक झाली आणि जानेवारी १९७१ मध्ये त्यांना ठार मारण्यात आले. आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले सरचिटणीस असलेले तेली १९७६ मध्ये पकडले गेले आणि पुढच्या वर्षी बोइरोतच उपासमारीने गेले. वर्णभेदाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष समितीचे अध्यक्षपद या दोघांनी भूषवले होते, आणि पुढे ते सिसे यांच्याकडे आले. याहून जवळचे नाव लोफो कामारा यांचे आहे. त्या १९६० च्या दशकात सामाजिक कल्याणाचे खाते सांभाळत होत्या, आणि कोनाक्रीवरील हल्ल्यानंतरच्या धरपकडीत त्यांनाही जानेवारी १९७१ मध्ये ठार मारण्यात आले. सिसे १९७६ मध्ये सामाजिक कल्याण मंत्री झाल्या, तेव्हा त्या खात्याचा हा इतिहास त्यांना ठाऊक नव्हता असे मानायला मी तयार नाही.

परंतु याच कारणाने ‘शोभेची बाहुली’ हे आपले शब्द मला पटत नाहीत. बाहुलीला जबाबदारी नसते. सिसे यांनी स्वतः काही केलेच नाही असे म्हटले, तर त्यांचे श्रेय जाते हे खरे, पण त्यांचे उत्तरदायित्वही जाते. आपल्याला ते अभिप्रेत नसावे. माझ्या लेखाने त्यांना केवळ ‘पहिली महिला’ करून ठेवले, आपल्या प्रतिक्रियेने त्यांना केवळ राजवटीचा मुखवटा केले. दोन्ही ठिकाणी विचार करणारी, निर्णय घेणारी, चुकणारी बाई दिसेनाशी झाली.

ती बाई सेकू तुरे यांनी घडवलेली नव्हती. मिलो नदीकाठच्या कांकान गावी १९२६ मध्ये जन्मलेली ही मुलगी सेनेगलमधील रुफिस्कच्या अध्यापिका विद्यालयात शिकली. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतील मुलींना शिक्षिका होण्यासाठी ते विद्यालय १९३८ मध्ये उघडले होते. १९४५ पासून त्या शिकवू लागल्या. शिक्षिका होणाऱ्या गिनीच्या पहिल्या पिढीतील महिलांत त्या होत्या. पुढे डाकारमध्ये त्या महिला संघटनांत रमल्या आणि १९५८ मध्ये गिनीने फ्रान्सला ‘नाही’ म्हणून स्वातंत्र्य घेतल्यावर मायदेशी परतल्या. जुलै १९६२ मध्ये दार-एस-सलाम येथे आफ्रिकी महिलांची जी संघटना स्थापन झाली, तिच्या त्या सरचिटणीस झाल्या आणि १९७४ पर्यंत ते काम पाहत राहिल्या. ही संघटना आफ्रिकी एकता संघटनेपेक्षा दहा महिन्यांनी थोरली आहे, म्हणजे राष्ट्रप्रमुख एकत्र येण्याआधी आफ्रिकेच्या बायका एकत्र आल्या होत्या. माझ्या दृष्टीने सिसे यांच्या आयुष्यातील सर्वांत भक्कम काम हेच आहे आणि लेखात मी त्याला एक ओळ दिली, याची मला आता खंत वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांच्या दर्जाविषयीच्या आयोगात त्यांनी गिनीचे प्रतिनिधित्व केले तो काळही महत्त्वाचा आहे: विवाहाला संमती आणि किमान वय यांविषयीचा करार १९६२ चा, महिलांविरुद्धच्या भेदभावाचे निर्मूलन करण्याविषयीचा जाहीरनामा १९६७ चा, आणि १९६८ मध्ये खुद्द गिनीत बहुपत्नीत्वावर बंदी आली.

त्यांना प्रश्न विचारायचा असेल, तर तो २७ ऑगस्ट १९७७ या दिवसाबद्दल विचारायला हवा, असे मला वाटते. खासगी व्यापारावर बंदी होती, आर्थिक पोलीस बाजारात बसणाऱ्या बायकांचा माल तपासत, जप्त करत. त्या दिवशी कोनाक्रीच्या बाजारातील महिला उठल्या आणि अध्यक्षांच्या प्रासादावर चालून गेल्या. इतर शहरांतही हे लोण पसरले. याच वर्गातील बायकांनी १९५३ च्या मोठ्या संपात संपकऱ्यांना जेवू घातले होते, याच बायकांच्या बळावर सेकू तुरे यांचा पक्ष उभा राहिला होता. आर्थिक पोलीस दल शेवटी सरकारला बरखास्त करावे लागले, पण त्याआधी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. बायकांच्या संघटनांत अनेक वर्षे घालवलेली व्यक्ती त्या वेळी मंत्रिमंडळात होती आणि १९८४ पर्यंत तिथेच राहिली. याचे समर्थन माझ्याकडे नाही, आणि त्यांच्या कोणत्याही ‘पहिल्या’पणाने ते झाकले जाऊ नये.

मार्च १९८४ मध्ये सेकू तुरे वारले, काही दिवसांतच लष्कराने सत्ता घेतली आणि सिसे यांनाही अटक झाली. त्या सुमारे तेरा महिने तुरुंगात होत्या. त्यांनी भोगले म्हणून हिशेब चुकता झाला, असा माझा दावा नाही. पण आपल्या प्रतिक्रियेतील ‘राजवटीचा लाभ घेऊन सुखात राहिल्या’ हे वाक्य मात्र मागे घ्यावे, अशी विनंती आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये, नव्वद वर्षांच्या असताना, कोनाक्री येथे त्यांचे निधन झाले.

मूळ लेखात मी आजच तीन बदल केले आहेत. दियालो तेली, मारोफ आश्कार आणि लोफो कामारा ही तिन्ही नावे बोइरो छावणीच्या माहितीसह घातली आहेत. १९७७ च्या बाजारातील उठावावर स्वतंत्र परिच्छेद लिहिला आहे. आणि सिसे यांच्या कारकिर्दीसाठी पहिल्याच ओळीत वापरलेला ‘निष्कलंक’ हा शब्द काढून टाकला आहे.