कृपया पाणी देऊ नये

नागपुरात झाडं उन्हापासून वाचवावी लागतात असं लोकांना वाटतं, पण खरं सांगू का, झाडं माणसांपासून वाचवावी लागतात, त्यातही दयाळू माणसांपासून. पाऊस आपल्याकडे वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे वाळवंट वगैरे काही नाही, फक्त तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्येच पडून मोकळा होतो आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की अंगणातल्या काळ्या मातीला अशा भेगा पडतात की चप्पल अडकते. म्हणून मी कमी पाण्याची झाडं निवडली, कोरफड, अडेनियम (जाड बुडाचा तो वाळवंटी गुलाब), बोगनवेल, आणि कुंड्या सगळ्या भंगारातल्या.

जुन्या कूलरचा टप गंजून आधीच इतका भोकं भोकं झाला होता की ड्रिल लागलंच नाही. टायरला मात्र भोकं पाडली, पाणी साचलं की त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि शेजारच्या काकू टायर दिसला की आधी तेच विचारतात. तोंडाला टवका उडालेला माठ बोगनवेलीजवळ गळ्यापर्यंत पुरला, भरून वर झाकण ठेवायचं, आजूबाजूची माती सुकत जाते तसं पाणी आपोआप झिरपतं. मस्त चाललं होतं.

पण घरात आई आहे.

"काऊन रे, त्या झाडाले पाणी काऊन नाई देऊन राह्यला? जीव आहे ना त्याले."

मी सांगितलं, आई, कोरफड दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवते, रात्री उघडते, साठवलेल्या पाण्यावर तिचं आरामात भागतं. "हव, मोठा सायंटिस्ट," म्हणाली आणि दुपारी माझा डोळा लागल्यावर कूलर भरता भरता पाइप इकडे वळवला, असं रोज. एक दिवस अडेनियमचं जाडजूड बुड दाबून पाह्यलं तर बोट सरळ आत, पिकलेल्या पपईत जावं तसं, आणि वास तर विचारूच नका.

मग मी गेटजवळच बोर्ड लावला, 'कृपया पाणी देऊ नये'. चौकात लोक प्याऊ लावून राह्यले आणि आमच्या दारावर हे, बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कुरिअरवाल्या पोराने घाम पुसत बोर्ड वाचला, "भाऊ, मले बी नाई का?"

तेवढ्यात समोरच्या काकांनी बाथरूम नवीन केलं आणि जुना कमोड आमच्या गेटात आणून ठेवला. "रिसायकल करता ना तुम्ही? याले भोक रेडीमेड आहे." ड्रेनेजच्या मुद्द्यावर मला काही बोलताच येईना. त्यात वाळू घालून अडेनियमची फांदी लावली. आईने निक्षून सांगितलं, त्या भांड्यात मी पाण्याचा थेंबही टाकणार नाही, मरो ते झाड.

बागेत सध्या सगळ्यात जास्त फुलं त्यालाच आहेत.